पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलची ऑफर आलीय? हो म्हणायच्या आधी हा हिशोब करा

मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलची ऑफर आली की घरचे, मैत्रिणी, शेजारच्या काकू सगळ्यांचा एकच प्रश्न, पगार किती? आणि आपण पण सांगून टाकतो, तीस हजार. मग घरी पेढे. माझं म्हणणं असं की तो आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी हे बघा की तुमची कॉट (म्हणजे शेअरिंग रूममधली तुमची राहायची जागा) आणि तुमचा वॉर्ड यांच्यात अंतर किती, आणि नाइट ड्यूटी करून आल्यावर त्या कॉटवर दिवसा झोप लागणार आहे का. मी मूळची लातूरकडची, पुण्यात स्टाफ नर्स म्हणून आले, आता इन्चार्ज आहे, दरवर्षी नवीन पोरी येताना बघते आणि वर्षाच्या आत बॅग भरून परत जाणाऱ्या पण बघते. त्यातल्या बहुतेकींना पगार कमी पडला असं नसतं, त्या थकलेल्या असतात. म्हणून हिशोब कसा मांडायचा ते सांगते. ब्रदर लोकांनी (पुरुष नर्सेसनी) पण वाचा, तुमचं जिथं वेगळं आहे तिथं सांगेनच.

आधी ऑफर लेटर उलगडून बघा

लेटरवर वर्षाला ३,६०,००० लिहिलंय म्हणजे महिन्याला ३०,००० हातात येणार असं नाही, तो सीटीसी असतो, म्हणजे हॉस्पिटलला तुम्ही केवढ्याला पडता तो आकडा. समजा बेसिक १५,००० आहे. मालकाच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० त्यातच धरलेला असतो, ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० पण धरलेले असतात आणि ती ग्रॅच्युइटी पर्मनंट नोकरीत पाच वर्षं काढल्याशिवाय दिसत नाही. राहिले २७,४८०. त्यातनं तुमच्या वाट्याचा पीएफ परत १,८००, आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). महाराष्ट्रात बायकांना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स माफ आहे, ब्रदर लोकांना मात्र ७,५०० च्या वर गेलं की लागतोच. हातात आले साडेपंचवीस हजार. यातही ‘अटेंडन्स अलाउन्स’ नावाचं काही असेल तर नीट विचारा, एक सुट्टी घेतली की तो अख्खा उडतो अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. नाइट अलाउन्स वरून मिळणार की या तीस हजारातच कोंबलाय हे पण विचारा, तोंडी नको, लेटरवर दाखवा म्हणावं.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही ती ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची. ग्रॉस पगार २१,००० पर्यंत असला तर तुम्ही ईएसआयसीत बसता, तुमचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील पण त्या कार्डावर उपचार घेऊ शकतात. आता तुम्ही गावाकडं १६,००० वर होता, वडिलांचं डायलिसिस किंवा आईची शुगर-बीपीची औषधं त्या कार्डावर चालली होती, आणि पुण्यात २२,५०० ची नोकरी धरली. कार्ड गेलं. नवीन हॉस्पिटल मेडिक्लेम देतं म्हणतं, पण बऱ्याचदा तो फक्त तुमच्यापुरता. मग पगार वाढला की खर्च वाढला? ज्यांच्या घरात दुखणं आहे त्यांनी हा एक मुद्दा बाकी सगळ्याच्या आधी सोडवा.

बेडची संख्या विचारायची, लाजायचं नाही

२०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने प्रायव्हेटमधल्या नर्सेसच्या पगारासाठी कमिटी नेमायला सांगितलं होतं. त्या कमिटीच्या शिफारसी अशा की २०० च्या वर बेड असतील तर त्याच राज्यातल्या सरकारी नर्सच्या बरोबरीनं पगार द्यावा, १०० ते २०० बेडला १० टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको, ५० ते १०० ला २५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको, आणि ५० च्या आतल्या नर्सिंग होमनं सुद्धा महिन्याला किमान २०,००० द्यावेत. प्रत्यक्षात काय चालतं ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, शिफारस राज्यांच्या गळ्यात पडली आणि तिथंच लोंबकळली. पण मोजपट्टी म्हणून ती उपयोगाची आहे. राज्य सरकारच्या स्टाफ नर्सचं पे स्केल ३५,४०० पासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता वगैरे वेगळं. ३०० बेडच्या, लॉबीत संगमरवर असलेल्या हॉस्पिटलनं तुम्हाला २२ हजार सांगितले तर ते किती खाली आहेत हे निदान तुम्हाला कळलेलं असावं, पगाराचं बोलणं करताना आवाजात फरक पडतो.

आता खरा हिशोब, तासाचा

वहीच घ्या, एक्सेल नको. हे आकडे मी धरून चाललेले आहेत, तुमचे तुम्ही टाका.

लातूरमध्ये हातात १५,०००. घरी राहता, घरात ४,००० देता, स्कूटीचं पेट्रोल १,०००, मोबाईल साबण शाम्पू सगळं धरून १,५००. उरले ८,५००.

पुण्यात हातात २५,५००. कॉट बेसिसवर तिघींच्या रूममध्ये ६,५००, मेस ३,५००, येणंजाणं १,५००, किरकोळ १,५००, महिन्यातनं एकदा गावी जायचं ते १,५००, आणि चहा-वडापाव-कुणाचा वाढदिवस असं १,०००. झाले १५,५००. उरले १०,०००. म्हणजे पगार साडेदहा हजारानं वाढला आणि शिल्लक वाढली दीड हजारानं! इथपर्यंतचा हिशोब पुष्कळ जणी करतात. पुढचा करत नाहीत.

आता उरलेल्या पैशाला नोकरीनं खाल्लेल्या तासांनी भागा. ड्यूटीचे आठ तास नुसते धरू नका, हँडओव्हर (पुढच्या शिफ्टच्या सिस्टरकडं पेशंट सोपवणं) धरा, रस्ता धरा. लातूरला आठ तास, अर्धा तास हँडओव्हर, जाऊनयेऊन वीस मिनिटं, महिन्याचे २६ दिवस, झाले साधारण २३० तास. ८,५०० भागिले २३०, तासाला ३७ रुपये शिल्लक. पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात हँडओव्हर पाऊण तास लागतोच, बेडसाइडला उभं राहून एकेक ड्रिप, एकेक लाइन, क्रॅश कार्टचं (इमर्जन्सीच्या औषधांच्या ट्रॉलीचं) सील, नार्कोटिक्सच्या अँप्यूल मोजून सही, मग मागची सिस्टर सुटते. रस्ता दोन्हीकडचा मिळून दोन तास. झाले २८० तास. १०,००० भागिले २८०, तासाला ३५ रुपये आणि काही पैसे. म्हणजे शहरात येऊन तुमची तासामागं शिल्लक सव्वा रुपयानं कमी होते, आणि आईच्या हातचं जेवण गेलं ते वेगळंच.

पण आता हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत ८,००० ची कॉट घ्या. भाडं दीड हजार वाढलं, येण्याजाण्याचे दीड हजार वाचले, शिल्लक तीच १०,०००. तास मात्र २८० वरून २४० वर आले, कारण एका बाजूनं चालत पंधरा मिनिटं. तासाला साडेएक्केचाळीस. पगार तोच, हॉस्पिटल तेच, फक्त कॉट सरकली. म्हणून मी सांगते की ऑफर आली की आधी हॉस्पिटलच्या आसपास चालत फिरा, ‘कॉट बेसिसवर मिळेल’ चे कागद चिकटवलेले असतात ते बघा, मेसवाल्या काकूंना विचारा, आणि चालण्याच्या अंतरात परवडणारं काही मिळत नसेल तर मगच बाकीचा विचार करा. हॉस्पिटलचं स्वतःचं नर्सेस हॉस्टेल असेल तर त्याचे पैसे पगारातनं किती कापतात आणि नोकरी सोडली तर किती दिवसांत खाली करावं लागतं एवढं विचारून घ्या.

दिवसाची झोप

कॉट बघायला संध्याकाळी जाऊ नका, सकाळी अकराला जा. संध्याकाळी सगळ्या रूम छानच दिसतात. अकराला कळतं की खिडकी पूर्वेला आहे आणि पडदा नाही, खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत, रूममेट घरून काम करणारी आयटीतली आहे आणि तिची मीटिंग स्पीकरवर चालू आहे, आणि पाणी येतं दहा ते अकरा म्हणजे तेव्हा उठून बादल्या भरल्याच पाहिजेत. नाइट करून आलेल्या बाईला यातलं एक जरी असलं तरी तिसऱ्या नाइटला ड्रग कॅल्क्युलेशन करताना आकडे नाचायला लागतात. रूममेट शिफ्टवालीच असेल असं बघा, दुसरी सिस्टर नाहीतर लॅब टेक्निशियन. आणि पीजीच्या गेटची वेळ! रात्री दहाला गेट बंद असा नियम असेल तर इव्हनिंग ड्यूटीचं काय करणार, आठला सुटणारी ड्यूटी हँडओव्हर धरून पावणेनऊ, त्यात शेवटच्या क्षणी अॅडमिशन आली तर साडेनऊ. मालकिणीला हे आधी सांगायचं, नंतर रोजची कटकट नको.

मुंबईचं गणित वेगळं

मुंबईत चालत अंतरावर राहायचं ते दक्षिणेकडच्या किंवा दादर-परळच्या हॉस्पिटलांना आपल्या पगारात अवघडच. परळला केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया सगळी हाकेच्या अंतरावर, सायनला सायन हॉस्पिटल, भायखळ्याला जेजे, मुंबई सेंट्रलला नायर, आणि राहायला लोक कुठं तर डोंबिवली, कल्याण, बदलापूर, इकडं नालासोपारा, विरार. पण लोकल आहे म्हणून निभतं, पास स्वस्त पडतो आणि पावसाचे काही दिवस सोडले तर वेळेचा अंदाज बांधता येतो, जो पुण्यात रस्त्यावर बांधता येत नाही. एक गोष्ट नवीन पोरींना माहीत नसते, नाइट ड्यूटी मुंबईत प्रवासाला सगळ्यात बरी. संध्याकाळी सगळं जग कल्याणकडं परत चाललेलं असतं तेव्हा तुम्ही उलट्या दिशेनं, आणि सकाळी साडेआठला तुम्ही घरी चाललेल्या तेव्हा सगळं जग सीएसएमटीकडं, म्हणजे दोन्हीकडं बसायला जागा. मॉर्निंगला मात्र पहाटेची लोकल पकडावी लागते आणि ती रिकामी असते हा गैरसमज आहे. रात्री साधारण एक ते चारच्या मधे लोकल नसते हे डोक्यात ठेवा, इव्हनिंग लांबली आणि शेवटची गाडी चुकली तर वॉर्डातच थांबायची सोय आहे का, चेंजिंग रूममध्ये कॉट आहे का, हा प्रश्न साधा वाटतो पण विचारून बघा.

पुण्यात उलट आहे, मेट्रो रात्री बंद होते, पीएमपीचा भरवसा रात्री धरता येत नाही, त्यामुळं दुचाकी हवीच हवी, आणि दुचाकी म्हणजे ईएमआय, पेट्रोल, सर्व्हिसिंग. लातूरची स्कूटी ट्रान्सपोर्टनं आणता येत असेल तर आणा.

इंटरव्ह्यूला एचआर सांगतो ते आणि गेटबाहेर कळतं ते

एचआरला विचारायचंच, पण खरं उत्तर शिफ्ट सुटायच्या वेळेला गेटसमोरच्या चहावाल्याकडं मिळतं. युनिफॉर्मवर स्वेटर घातलेल्या दोघी-तिघी उभ्या असतात, आपण पण स्टाफ नर्स आहोत, इथं ऑफर आहे सांगितलं की बोलतात. काय विचारायचं? लागोपाठ नाइट किती लावतात आणि नाइटनंतर जो ऑफ मिळतो तो खरा ऑफ की नाइटवरून सुटलेला दिवसच ऑफ म्हणून मोजतात (हा प्रकार फार चालतो). रोस्टर महिन्याचं लागतं की आठवड्याचं, कारण आठवड्याचं असेल तर गावी जायचं रिझर्व्हेशन विसरा. डबल ड्यूटी केली तर पैसे की कॉम्प ऑफ (बदली सुट्टी), आणि कॉम्प ऑफ कधी कुणाला मिळालाय का. वॉर्डात नाइटला एका सिस्टरकडं किती पेशंट, आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक आहे की एकीकडं दोन-तीन व्हेंटिलेटर. पगार कितव्या तारखेला होतो. काही फुटलं, हरवलं तर स्टाफकडनं वसुली करतात का. हे एवढं दहा मिनिटांत होतं.

रेशो, म्हणजे एका सिस्टरमागं किती पेशंट, हा नुसता कामाचा मुद्दा नाही, तो तुमच्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचा पण मुद्दा आहे. चूक झाली तर सही तुमची असते. मी तर म्हणेन दोन हजार कमी घ्या पण जिथं आयसीयूत माणसं पुरेशी आहेत तिथं जा, कारण शिकायला पण तिथंच मिळतं, आणि पुढं गल्फ किंवा जर्मनीचं डोक्यात असेल (२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून आमच्याकडं निम्म्या पोरी जर्मन शिकतायत) तर चांगल्या आयसीयूचं एक्स्पीरियन्स लेटर कामाला येतं.

बाँड. दोन वर्षांचा बाँड, मधे सोडलं तर अमुक हजार भरा, हे अजून चालतं. सही करायच्या आधी आकडा किती, नोटीस पीरियड किती आणि एक्स्पीरियन्स लेटर कशावर अडवतात ते वाचा. ओरिजिनल सर्टिफिकेट मात्र कुणाकडंच ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत पिशवीत. ‘व्हेरिफिकेशनसाठी राहू दे’ म्हणाले तर लेखी पोच मागा, मग बहुतेक वेळा लगेच परत मिळतात.

सरकारीची वाट बघताय?

मग तर शहराचा विचार उलटाच करायचा. प्रायव्हेटमध्ये गाव लहान की पगार लहान. सरकारीत बेसिक सगळीकडं सारखं, फक्त घरभाडं भत्ता बदलतो. केंद्राच्या नोकरीत नर्सिंग ऑफिसर लेव्हल ७ वर, ४४,९०० बेसिक, मग ते नागपूरचं एम्स असो की मुंबईतलं रेल्वेचं हॉस्पिटल. शहरांचे वर्ग असतात, मुंबई-पुणे एक्स वर्गात म्हणून एचआरए (घरभाडं भत्ता) ३० टक्के, १३,४७०. नागपूर वाय वर्गात, २० टक्के, ८,९८०. फरक साडेचार हजारांचा. आता मुंबईतलं आणि नागपुरातलं वन बीएचकेचं भाडं यात फक्त साडेचार हजारांचा फरक आहे का, तुम्हीच सांगा. त्यामुळं नॉरसेटचा (एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) रँक चांगला असेल तर ‘मोठं शहर’ म्हणून प्रेफरन्स भरू नका. मुंबईत क्वार्टर नक्की मिळणार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा एचआरए बंद होतो पण डोक्याचा ताप पण जातो. एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) पोस्ट असेल तर ती ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर असते हे घरच्यांना आधी समजावून सांगा, ते तिला सरकारी नोकरीच समजतात.

लग्न झालेल्यांनी अजून दोन गोष्टी बघायच्या. मॅटर्निटी लीव्ह पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी असते पण त्याआधीच्या बारा महिन्यांत त्याच नोकरीत ८० दिवस काम झालेलं लागतं, म्हणजे दिवस गेलेले असताना नोकरी बदलत असाल तर तारखा मोजून घ्या. आणि ५० किंवा त्यापेक्षा जास्त कर्मचारी असले की पाळणाघर असायला हवं असा कायदा आहे, पण ते नाइटला चालू असतं का? बहुतेक नसतं. मग नाइटला मूल कुणाकडं, याचं उत्तर ‘बघू’ असेल तर सासूबाई किंवा आई सोबत येणार आहेत का ते आधी ठरवा, आणि मग कॉट नाही, रूम लागेल, वरचा सगळा हिशोब परत करायचा.

रजिस्ट्रेशनचं राज्यात काही करावं लागत नाही, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं तेच चालतं, फक्त रिन्यूअलची तारीख बघून ठेवा. बंगळुरू, गोवा, दिल्ली असं राज्याबाहेर जात असाल तर इथनं एनओसी आणि तिथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, त्याला वेळ जातो, राजीनामा द्यायच्या आधी सुरू करा.

आणि राजीनामा द्यायच्या आधी बँकेत पस्तीस-चाळीस हजार आहेत का बघा. कॉटचं डिपॉझिट बहुतेक दोन महिन्यांचं, म्हणजे १३,०००, पहिलं भाडं ६,५००, मेस आगाऊ ३,५००, गादी-बादली-पंखा, युनिफॉर्मचे आणि बुटांचे पैसे, मेडिकल फिटनेसच्या टेस्ट, वर रोजचा खर्च. जॉइनिंग शक्यतो एक तारखेच्या आसपास घ्या. वीस-बावीस तारखेला जॉइन झालात तर बऱ्याच ठिकाणी पेरोल बंद झालेला असतो, ते आठ-दहा दिवस पुढच्या महिन्याच्या पगारात धरतात, आणि पहिला पैसा हातात पडेपर्यंत जवळपास दीड महिना जातो.